शालनताईंचा जांभळा ठिपका

चाकणच्या ज्या कारखान्यात मी शिकाऊ इंजिनियर म्हणून चिकटलो, तिथे मॅनेजरपासून मशीनवाल्यापर्यंत सगळे एका बाईला वचकून असायचे. गंमत म्हणजे ती बाई कंपनीची नव्हतीच. तिचं नाव ठेकेदाराच्या हजेरीपटावर. 'उद्यापासून येऊ नका' असं तिला कोणीही, कधीही सांगू शकलं असतं आणि हे तिलाही पक्कं माहीत होतं. तरी एखादा पीस तिने नापास मालाच्या लाल पेटीत ठेवला की तो परत बाहेर काढायची कोणाची छाती होत नसे.

शालनताई कांबळे. राहायला काळेवाडीत, एका बोळातल्या दोन खोल्यांत. उंचीने बेताच्या, अंगाने वाळक्या, अंबाडा निळ्या टोपीत कोंबलेला, आणि चष्मा नाकावर इतका खाली की त्या चष्म्यातून बघतात की वरून हे मला चार वर्षांत कळलं नाही. फायनल इन्स्पेक्शनच्या टेबलाशी त्या दिवसभर उभ्या असायच्या. आमच्याकडे ब्रेकच्या यंत्रणेत बसणारा, मुठीत मावेल एवढा ॲल्युमिनियमचा एक भाग तयार व्हायचा. त्याला चार भोकं, चारही भोकांत आटे. शालनताई तो उचलायच्या, ट्यूबलाइटखाली फिरवायच्या, भोकांत मापाचं गेज घालून बघायच्या, कडेवरून डाव्या अंगठ्याचं नख ओढायच्या आणि मग मार्करने त्यावर एक जांभळा ठिपका द्यायच्या. ठिपका पडला की पीस पास. टेबलावर पाच बाया होत्या आणि पाचजणींचे पाच रंग ठरलेले. उद्या काही वावगं निघालं, तर पीस कोणाच्या हातून गेला हे रंगावरून कळायचं.

बाकीच्या चौघी जागा मिळेल तिथे ठिपका टेकवायच्या. शालनताईंचा ठिपका मात्र नेहमी खालच्या डाव्या कोपऱ्यात, एकाच जागी, मोहरीएवढा. तिथेच का, असं मी एकदा विचारलं होतं. "तिथं बोट लागत न्हाई कुणाचं," त्या म्हणाल्या, "पुसत न्हाई." यापलीकडे त्यात काही विशेष आहे असं त्यांना वाटत नव्हतं.

माझी त्यांची ओळख भांडणातून झाली. मी नवा, डोक्यात कॉलेजची हवा, हातात व्हर्नियर. त्यांनी लाल पेटीत ठेवलेला एक पीस मी उचलला, चार ठिकाणी मोजला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "ताई, हा ओके आहे. माप बरोबर आहे."

"माप बरोबर असंल सर. हात फिरवा की."

मी हात फिरवला. काहीच लागलं नाही.

"तसा न्हाई. तुम्ही पळालात. नख टेकवा आणि चालत चालत जा."

मी नख टेकवलं आणि चालत चालत गेलो. तिसऱ्या भोकाच्या अलीकडे नख अडखळलं. कातकाम झाल्यावर कडेला राहिलेली केसाएवढी कंगोरी होती ती, कारखान्यात तिला बर म्हणतात. तेवढी बर सुटून ब्रेकच्या नळीत गेली तर काय होईल हे मला पुस्तकातून पाठ होतं. शालनताईंना ते कोणी शिकवलं नव्हतं. त्यांनी माझ्या हातातून पीस घेतला आणि पुन्हा लाल पेटीत ठेवला. ठेवला म्हणतोय, टाकला नाही. बाकीच्या बाया लांबूनच खणकन टाकायच्या. मी त्यावरूनही छेडलं, की ताई, भंगारच आहे ते, एवढं जपून कशाला. त्या म्हणाल्या, "वितळवून परत करणारेत त्याला. एवढ्यात आपटायचं कशाला?"

त्या नखापायी त्यांचं सेफ्टी ऑफिसरशी कायम वाजायचं. टेबलावर हातमोजे सक्तीचे, आणि मोज्यातून नखाला काही कळत नाही. मग शालनताई नवा मोजा मिळाला की आधी कात्री घेऊन त्याचा डावा अंगठा उडवायच्या. ऑफिसर दर सोमवारी ताकीद द्यायचा. ह्या मान हलवायच्या, आणि मंगळवारी नवा मोजा घेऊन पुन्हा कात्री. शेवटी वैतागून त्यानेच स्टोअरवाल्याला सांगितलं की ह्या बाईंना मोजे अंगठा कापूनच देत जा. असा लेखी नियम मोडून घेणारी ठेक्यावरची बाई मी दुसरी पाहिली नाही.

मशीनवर असायचा नवनाथ, चाकणजवळच्याच गावचा, ज्याच्या आजोबांची जमीन कारखान्यांत गेली होती. त्याचे पीस लाल पेटीत गेले की तो ताडताड यायचा. "शालनताई, मानसाला बी एवढं तपासत न्हाई कुनी. लगीन लावायचं हाय का त्याचं?"

"लावायचंय की. ब्रेकसंगं. जन्माचं हाय ते, नीट बघून द्यायला नको?"

नवनाथ हसायचा आणि मुकाट्याने मशीनचं टूल बदलायचा. मागून मला सांगायचा, "म्हातारी बरूबर आस्ती राव. तीच पंचाईत हाय."

लग्नावरून आठवलं. त्यांच्या मुलीला, स्नेहाला, बघायला पाहुणे आले होते, तो किस्सा त्यांनी चहाच्या सुट्टीत स्वतःच सांगितला. पसंती कळल्यावर मुलाचं घर बघायला म्हणून ह्या त्यांच्याकडे गेल्या, निगडीला. मुलाच्या आईने पाण्याचा तांब्या-पेला समोर ठेवला. शालनताईंनी पेला उचलला आणि सवयीने काठावरून नख फिरवलं. फिरवलं ते फिरवलं, वर पालथा करून बूडही बघितलं. मुलाची आई बघतच राहिली. तिला वाटलं, पेला घासलेला नाही असं हिला म्हणायचंय. बाई रडकुंडीला आली. "मग काय सांगता," शालनताई म्हणाल्या, "मीच उठून तिच्या स्वयंपाकघरात गेले, आणि म्हटलं, वहिनी, पेला लई झ्याक आहे, कड एकदम गुळगुळीत आहे, माझी नोकरीच अशी आहे बघा. तेव्हा कुठं ती हसली." लग्न जमलं. आम्ही विचारलं, जावई कसा आहे? त्यांनी टेबलावर हवेतच एक ठिपका दिला.

पण घरी त्या कोणालाच कशाला नाही म्हणत नसत. शेजारणीची पोरं त्यांच्याकडे, नणंदेचं दुखणं त्यांच्याकडे, जयंतीच्या मंडळाचा शंभर माणसांचा भात त्यांच्याकडे. नवरा बंद पडलेल्या कंपनीतून घरी बसलेला, त्याचं पथ्यपाणी त्यांच्याकडे. मी एकदा म्हणालो, इथे एवढ्या खमक्या आणि घरी अशा कशा? त्यावर त्या म्हणाल्या, "दिवसभर नको, नको, नकोच म्हणत असते सर. घरी गेल्यावर तोच शब्द परत तोंडात येत न्हाई."

एकदा गाड्या बनवणाऱ्या बड्या कंपनीचे पाहुणे आमचा कारखाना बघायला आले. त्यातल्या एका साहेबाने हौसेने शालनताईंना हिंदीत विचारलं, काम आवडतं का. त्यांनी हातातला पीस पुरा केला, ठिपका दिला, मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आवडतं का, हे कधी कुणी विचारलं न्हाई. चार वाजता उठून येते म्हणजे आवडत असंल. त्यांना सांगा, गाडी थांबली पाहिजे, तेवढं मी बघते." मी ते साहेबाला जमेल तसं सांगितलं. तोवर साहेब पुढच्या टेबलाकडे गेले होते.

ह्या बाईंना आयुष्यात एकच गोष्ट स्वतःसाठी हवी होती. पर्मनंट व्हायचं होतं. चौदा वर्षं त्या ठेक्यावर होत्या. मधून मधून कागदावर त्यांना कामावरून कमी करायचे आणि काही दिवसांनी पुन्हा घ्यायचे, म्हणजे सलग नोकरी दिसू नये. त्या काळात त्या घरी बसून गोधड्या शिवायच्या आणि फोनची वाट बघायच्या. त्या वर्षी मात्र कंपनीने ठरवलं होतं की टेबलावरच्या पाचजणींपैकी दोघींना कायम करायचं, आणि यादीत पहिलं नाव शालनताईंचं होतं. त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही, पण आठवडाभर त्या गुणगुणत काम करत होत्या. "म्हातारपणाला हात लागतो सर," एवढंच मला म्हणाल्या. मलाही त्याच सुमारास पक्कं करायचं होतं. दोघांचेही कागद एकाच साहेबांच्या टेबलावर होते, आमचे क्वालिटी मॅनेजर पाटील यांच्या.

आणि मग ती महिनाअखेर आली. दुपारची वेळ. ट्रक दारात लागलेला, शेवटची पेटी भरायची राहिलेली, पाटीलसाहेब दर पाच मिनिटांनी येऊन घड्याळ दाखवत होते. बाकीच्या बायांचे पीस संपले होते आणि त्या चहाला गेल्या होत्या. शालनताईंच्या पुढ्यात चाळीसेक पीस उरले होते. तेवढ्यात गेटवरचा वॉचमन धावत आला. ठेक्यावरच्या बायांचे मोबाइल गेटवर जमा असत, म्हणून घरच्यांनी वॉचमनलाच फोन केला होता. स्नेहाला दवाखान्यात नेलं होतं, दिवस भरायच्या आधीच. शालनताईंनी मार्कर टेबलावर ठेवला आणि त्या गेटवर फोनकडे पळाल्या. एरवी मार्कर त्या एप्रनच्या खिशातून बाहेर ठेवत नसत. पाण्याला जातानासुद्धा नाही.

पाटीलसाहेब पुन्हा आले. मला म्हणाले, "काय बघत बसलायस? भर ती पेटी." आणि निघून गेले.

नवनाथच्या मशीनचा माल, तो सहसा चुकत नाही, असं मी मनाशी म्हणालो. तो जांभळा मार्कर उचलला आणि चाळीस पिसांवर चाळीस ठिपके दिले. तपासला एकही नाही. पेटी बंद केली, ट्रक गेला.

अर्ध्या तासाने शालनताई परत आल्या. चेहरा असा उजळला होता की टोपी तिरकी झालेली त्यांना कळलीही नव्हती. "नात झाली सर. दोघी बऱ्या आहेत." मग टेबलाकडे बघून त्यांनी विचारलं, "बघितले ते पीस?"

"बघितले," मी म्हणालो.

त्यांनी मार्कर उचलला, पुसला आणि खिशात ठेवला. माझ्यावर त्यांचा विश्वास होता.

तीन आठवड्यांनी एक पीस परत आला. चौथ्या भोकाला आटेच नव्हते. बहुधा मशीनचं टूल मध्येच तुटलं होतं आणि नवनाथने बदलेपर्यंत एक पीस तसाच पुढे गेला होता. नशिबाने तो गाडीत बसवतानाच पकडला गेला, कोणाला इजा झाली नाही. पाटीलसाहेबांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर तो पीस, त्यावर जांभळा ठिपका. अगदी मधोमध, वाटाण्याएवढा, ओघळलेला.

शालनताईंनी पीस हातात घेतला. ठिपक्याकडे बघितलं. मग वर माझ्याकडे बघितलं. ते ठिपके मी दिले होते, हे मी सांगितलं नाही. मी तेवीस वर्षांचा होतो, गावाकडे वडील सगळ्यांना मुलगा इंजिनियर म्हणून सांगत होते, ही सगळी कारणं खरी आहेत आणि त्यातलं एकही पुरेसं नाही.

"हा ठिपका तुमचा ना?" साहेबांनी विचारलं.

"जांभळा आहे," त्या म्हणाल्या. "जांभळा माझाच."

दोन नावांच्या यादीतून त्यांचं नाव गेलं. तक्रार आलेल्या बाईला कायम करता येत नाही, असं साहेबांनी सांगितलं, आणि तसं सांगताना त्यांनाही वाईट वाटलं असावं. ग्राहकाला पाठवायचा रिपोर्ट, चूक कशी झाली आणि का झाली याचा, इंग्रजीत लिहायचा होता. तो मी लिहिला. खाली शालनताईंची सही लागत होती. त्यांनी न वाचता, मराठीत, सावकाश सही केली. महिन्याभराने मला पक्कं केल्याचं पत्र मिळालं.

त्यानंतर त्या माझ्याशी पहिल्यासारख्याच बोलायच्या. तेच मला सहन होईना. चार महिन्यांनी एका रविवारी मी काळेवाडीत त्यांच्या घरी गेलो. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली चटई, चटईवर पाय पसरून, नातीला पायांवर घेऊन शालनताई तिला तेल लावत होत्या. मी दारातच सगळं सांगून टाकलं. त्यांनी हात थांबवला नाही.

"मला ठाऊक होतं की."

"मग बोलला का नाहीत?"

"आधी आत या. बसा." मी बसलो. त्या पोरीच्या पायाला तेल चोळत म्हणाल्या, "तुम्हाला वाटतं, तुमच्यासाठी केलं. तसं न्हाई हं सर. तुमचा राग आला मला, लई आला. अजून आहे थोडा. पण मी म्हणाले असते की हा ठिपका माझा न्हाई, तर साहेबांनी काय विचारलं असतं? मग कुठले तुझे? चौदा वर्षं ठिपके दिलेत मी. लोकांच्या गाड्या त्याच्यावर पळतात. एक माझा न्हाई म्हटला की सगळेच हलले ना."

मी म्हणालो, उद्या पाटीलसाहेबांना खरं सांगतो. त्या म्हणाल्या, "सांगा. तुम्हाला झोप लागंल." त्यांच्या सुनावण्यात तेवढाच एक टोमणा होता.

मी सांगितलं. पाटीलसाहेबांनी दार लावून घेतलं आणि मला मूर्ख म्हणाले. रिपोर्ट ग्राहकाने मान्य केला होता, विषय बंद झाला होता, आता तो उघडला तर कंपनीने खोटा रिपोर्ट पाठवला असं होईल. "पुढच्या यादीत बघू बाईंचं," ते म्हणाले. पुढची यादी निघालीच नाही. त्यानंतर कंपनीने कोणालाच कायम केलं नाही. मी तीन वर्षांनी दुसऱ्या कंपनीत गेलो, बढत्या मिळाल्या, आता माझ्या केबिनला काचेचं दार आहे. माझ्या इन्स्पेक्शन टेबलावरच्या बायांना मी मार्कर खिशात ठेवायला सांगतो. का, ते सांगत नाही.

गेल्या वर्षी नवनाथचा फोन आला. "सायेब, आपल्या शालनताईचा उद्या शेवटचा दिस हाय. अठ्ठावन पुरी झाली. येताय का?"

कायम कामगार निवृत्त होतो तेव्हा कंपनी शाल देते, नारळ देते, फोटो काढते. ठेक्यावरच्या माणसाचा शेवटच्या दिवशी फक्त गेटपास जमा करून घेतात. पहिली पाळी सुटायच्या वेळी मी गेटबाहेर जाऊन उभा राहिलो. शालनताई बाहेर आल्या. केस सगळे पांढरे, चष्मा तसाच खाली. हातात पेढ्यांचा पुडा. निरोप देणारं कोणी नव्हतं म्हणून त्यांनी स्वतःच पेढे आणले होते आणि सगळ्या लाइनला, वॉचमनला, सेफ्टीवाल्यालासुद्धा वाटले होते. मला बघून त्यांना मनापासून आनंद झाला. घरच्यांची चौकशी केली, नात सातवीत गेल्याचं सांगितलं. काळेवाडीची बस समोर लागली होती, बाया चढत होत्या.

"सर, एक विचारायचं राहिलं होतं," त्या म्हणाल्या. "त्या रिपोर्टात काय लिहिलं होतं हो तुम्ही? मी सही केली तो."

मी टाळू शकलो असतो. आठवत नाही म्हणू शकलो असतो. पण त्यांच्यापुढे दुसऱ्यांदा खोटं बोलायचं माझ्याने झालं नाही. मी म्हणालो, "निष्काळजीपणा. तपासणाऱ्या बाईच्या निष्काळजीपणामुळे चूक झाली, असं लिहिलं होतं."

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "असं व्हय. मला वाटायचं, इंग्रजीत आहे म्हणजे तुम्ही काहीतरी बरं लिहिलं असंल."

बसवाल्याने हॉर्न दिला. त्यांनी पुडा उघडला, शेवटचा एक पेढा राहिला होता, तो माझ्या तळहातावर ठेवला आणि वरून माझी मूठ मिटवली.

"खा," त्या म्हणाल्या. "निष्काळजी बाईच्या हातचा आहे."

म्हणाल्या तेव्हा हसल्या, पण डोळे भरले होते. कशासाठी ते मी विचारलं नाही. त्या बसमध्ये चढल्या, पुढच्या खिडकीशी बसल्या, आणि मी पेढा खातो की नाही हे चष्म्यावरून बघत राहिल्या. मी तिथेच रस्त्यात उभा राहून सगळा पेढा खाल्ला. मग त्यांनी मान डोलावली आणि बस निघाली.